डोळ्यांनाही रात्र हवी

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. त्यामुळे आज मी डोळ्यांच्या आजारांवर आणि मेलॅटोनिन नावाच्या एका द्रव्यावर बोलणार आहे, याचं आपल्याला थोडं नवल वाटेल. पण हा विषय आमच्या घरात दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही त्याला ओळखलंच नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा ओळखायला उशीर झाला. तुमच्या घरी असं होऊ नये, एवढ्यासाठी हे बोलणं आहे.

पहिली गोष्ट माझ्या मोठ्या चाचांची. चाचा शिवणकाम करायचे. साठीच्या आतच त्यांचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले. खोलीत दिवा लागला आहे की विझला आहे, एवढंही त्यांना कळेनासं झालं. त्या वेळी मी कॉलेजात होतो, १९८९ साल असावं. डोळे गेल्याचं दुःख चाचांनी पचवलं; पण पुढं त्यांची झोप बिघडली. रात्री दोन वाजता ते उठून बसायचे. भिंत चाचपत ओट्यावर यायचे आणि बाहेरच्या खोलीत झोपलेल्या मला हाक मारायचे, ‘‘मुन्ना, दिवस उगवला का रे?’’ आणि दुपारी जेवताना हातातला घास तसाच राहून त्यांची मान खाली जायची.

महिना-सव्वा महिना असं चालायचं. मग आपोआप त्यांचं गाडं रुळावर यायचं. आठ-दहा दिवस रात्री शांत झोप, सकाळी वेळेवर उठणं. घरात सगळ्यांना हायसं वाटायचं. पण पुन्हा झोप हळूहळू सरकायला लागायची, आणि पुन्हा तेच. कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला. एकदा माझी परीक्षा तोंडावर होती. रात्री त्यांनी हाक मारली तेव्हा मी वैतागून म्हणालो, ‘‘चाचा, तुम्हाला रात्र-दिवस काही कळतं की नाही?’’ ते शांतपणे म्हणाले, ‘‘नाही रे बाळा. तेच तर कळत नाही.’’

१९९३ साली चाचा गेले. पुढं मी त्यांच्यावर एक कविता लिहिली. तिच्यात अंधार होता, एकटेपण होतं, सगळं होतं. फक्त खरं कारण नव्हतं. ते मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आपल्या मेंदूत, अगदी मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिचं नाव पीनियल. देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात ती आत्म्याची जागा मानली होती. तिचं खरं काम मात्र विसाव्या शतकात कळलं. १९५८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एरन लर्नर नावाच्या डॉक्टरांनी जनावरांच्या हजारो पीनियल ग्रंथी गोळा करून त्यांतून एक द्रव्य वेगळं काढलं. लर्नर हे काही झोपेचे किंवा डोळ्यांचे डॉक्टर नव्हते. ते त्वचारोगाचे डॉक्टर. कोडासारख्या त्वचेच्या रंगाच्या विकारांवर त्यांना काही सापडतं का पाहायचं होतं. हे द्रव्य बेडकाच्या कातडीचा काळसर रंग फिका करत होतं. म्हणून त्याचं नाव पडलं मेलॅटोनिन. त्याचा कोडावर काही उपयोग झाला नाही. पण शरीराला ‘रात्र झाली’ ही बातमी देणारा निरोप्या माणसाच्या हाती लागला.

संध्याकाळी उजेड ओसरला की पीनियल ग्रंथी मेलॅटोनिन रक्तात सोडायला लागते. मध्यरात्रीनंतर त्याचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. पहाटे ते उतरतं. रात्री डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडला तर ते लगेच कमी होतं. म्हणजे मेलॅटोनिन ही झोपेची गोळी नव्हे; ती देवडीवरची रात्रीची घंटा आहे. ती वाजली की शरीर दारं लावायला लागतं.

आता ही घंटा वाजवणाऱ्याला वेळ कोण सांगतं? मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. ते शरीराचं मुख्य घड्याळ. गंमत अशी, की बहुतेक माणसांत हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. थोडं मागं पडतं. रोज सकाळी डोळ्यांतून येणारा उजेड त्याचा काटा जागेवर आणतो. उजेड पोचलाच नाही, तर समजा ते रोज अर्धा तास मागं पडत राहील. म्हणजे आज दहाला येणारी झोप उद्या साडेदहाला, परवा अकराला. असं करत करत चोवीस दिवसांनी झोपेची वेळ ऐन सकाळी येईल, आणि अठ्ठेचाळीस दिवसांनी काटा पूर्ण फेरी मारून पुन्हा रात्री दहावर.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं. हे तर चाचा! महिना-सव्वा महिना बिघाड आणि मग आठ-दहा दिवस सुरळीत. त्यांच्या डोक्यावर कसलाही परिणाम झालेला नव्हता. अजान त्यांना ऐकू येत होती, दूधवाल्याची घंटी ऐकू येत होती, वेळ किती झाली हे कुणी सांगितलं तर कळत होतं. पण शरीराच्या घड्याळाला कानांचं ऐकून भागत नव्हतं. त्याला उजेड हवा होता आणि उजेडाचं दार बंद झालं होतं.

या आजारावर औषधही निघालं. २००० साली ओरेगॉनमधल्या रॉबर्ट सॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लहानसा, पण महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. अजिबात दिसत नसलेल्या आणि झोप अशीच भरकटलेल्या सात जणांना त्यांनी रोज झोपण्यापूर्वी तासभर दहा मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं. सातांपैकी सहा जणांचं घड्याळ चोवीस तासांवर आलं. पुढं तिघांत मात्रा हळूहळू अर्ध्या मिलिग्रॅमपर्यंत उतरवली, तरी काटा जागेवर राहिला. २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी याच आजारासाठी, मेलॅटोनिनचंच काम करणाऱ्या टॅसिमेल्टिऑन या औषधाला मान्यता दिली. यातल्या कशानंही दृष्टी परत येत नाही. पण रात्र परत येते. ज्याची रात्र हरवली आहे त्याला विचारा, ही केवढी गोष्ट आहे.

इथं एक शंका तुमच्या मनात येईल. मग सगळ्याच अंध माणसांची झोप अशी का बिघडत नाही? त्याचं उत्तर फार सुंदर आहे. १९९५ साली चार्ल्स झाइस्लर यांनी ११ अंध माणसांवर प्रखर प्रकाशाचा परिणाम तपासला. त्यांतल्या तिघांना प्रकाश दिसत नव्हता, तरी तो डोळ्यांवर पडल्यावर त्यांच्या रक्तातलं मेलॅटोनिन कमी झालं. म्हणजे पाहणारा डोळा गेला होता, पण वेळ ओळखणारा डोळा शाबूत होता. पुढं २००२ साली डेव्हिड बर्सन यांनी दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या पडद्यात, उजेड टिपणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या पेशी असल्याचं दाखवून दिलं. शाळेच्या पुस्तकात आपण दोनच प्रकार शिकलो होतो. या तिसऱ्या पेशी चित्र पाहण्यासाठी नाहीत. दिवस आहे की रात्र, हे त्या प्रामुख्यानं मेंदूला कळवतात. निळ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त जाग्या होतात. त्यांच्यातलं उजेड टिपणारं द्रव्य १९९८ साली आधी बेडकाच्या कातडीतच सापडलं होतं. बेडकाचे आपल्यावर किती उपकार आहेत पाहा.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या थोरल्या बहिणीची, आपाची. तिला मिरजेला दिलेली. वय सहासष्ट. तिलाही काचबिंदू निघाला. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब टाकायचे, एवढाच उपचार. दृष्टी चांगली होती, पण रात्री झोप येईना. तिचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तो सुट्टीवर येताना मेलॅटोनिनच्या गोळ्यांची मोठी बाटली घेऊन आला. तिकडं ती किराणा दुकानातही मिळते. आपाला झोप लागायला लागली. मग कुणीतरी तिच्या मोबाइलवर मजकूर पाठवला : मेलॅटोनिन डोळ्यांनाही चांगलं, काचबिंदूही बरा होतो.

थेंबांनी आपाचे डोळे चुरचुरायचे. थेंबांना खर्चही होता. तिनं मनाशी हिशेब केला आणि थेंब बंद केले. कुणाला सांगितलं नाही. तीन महिने गेले. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. तो चोरपावलांनी नस खातो. पुढं मी तिला तपासणीला घेऊन गेलो तेव्हा डाव्या डोळ्यातला दाब २९ निघाला. साधारणपणे तो १० ते २१ च्या दरम्यान असतो. नजरेच्या घेराची तपासणी झाली. डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूचा एक तुकडा गेला होता.

डॉक्टरबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. ‘‘मावशी, गोळी वाईट नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण जी कामं तिच्याकडून अजून सिद्ध झालेली नाहीत, ती तुम्ही तिच्यावर सोपवली. थेंबांचं काम थेंबच करणार.’’ आपानं विचारलं, ‘‘गेलेला तुकडा परत येईल?’’ बाई म्हणाल्या, ‘‘नाही. आहे तो सांभाळू.’’

घरी येताना आपा गप्प होती. मी मात्र चिडलो होतो. मजकूर पाठवणाऱ्यावर, भाच्यावर, स्वतःवरही. मग ठरवलं, यात खरं किती आणि खोटं किती, ते शोधायचं. डॉक्टरबाईंनी काही वाचायला दिलं, काही समजावून सांगितलं. त्यातून हाती आलं ते सांगतो.

मोबाइलवरचा तो मजकूर निखालस खोटा नव्हता, आणि हीच त्यातली धोक्याची गोष्ट. मेलॅटोनिन फक्त मेंदूतच तयार होतं असं नाही; डोळ्याच्या पडद्यातही ते तयार होतं आणि त्याचा निरोप घेणारी केंद्रंही डोळ्यात आहेत. पडदा ऑक्सिजन फार वापरतो, आणि ऑक्सिजन जळतो तिथं पेशींना इजा करणारे कणही निर्माण होतात. मेलॅटोनिन अशा कणांना निकामी करतं, हे १९९३ साली दाखवलं गेलं. म्हणून शास्त्रज्ञांना आशा वाटते.

काचबिंदूचंच पाहा. निरोगी माणसांना मेलॅटोनिन दिल्यावर डोळ्यांतला दाब उतरतो, हे १९८८ साली प्रसिद्ध झालं. २००९ साली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी गोळी देऊन पाहिली. एकूण ४० रुग्णांचा हा प्रयोग होता. गोळी घेतलेल्यांची धास्ती कमी झाली, वेदना कमी झाल्या आणि डोळ्यांतला दाबही उतरला. पण शस्त्रक्रियेपुरता, एका दिवसाचा दाब उतरणं वेगळं आणि वर्षानुवर्षं नस सांभाळणं वेगळं. थेंबांऐवजी गोळी घेऊन काचबिंदू आटोक्यात राहतो, हे सिद्ध झालेलं नाही.

दुसरा आजार म्हणजे उतारवयात पडद्याच्या मधल्या भागाची होणारी झीज. यात समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो. चीनमधल्या डॉक्टरांनी अशा १०० रुग्णांना रोज रात्री तीन मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांहून अधिक काळ ज्यांच्यावर लक्ष ठेवता आलं अशा ५५ जणांपैकी बहुतेकांची दृष्टी टिकून होती. पण गोळी न घेणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. मग श्रेय गोळीचं की आजाराच्या मंद चालीचं, कसं ठरवणार? २०२४ साली अमेरिकेत लाखाहून अधिक लोकांच्या जुन्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. मेलॅटोनिन घेणाऱ्यांमध्ये हा आजार होण्याचं प्रमाण, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, निम्म्याहूनही कमी आढळलं. आकडा मोठा आहे. पण या नुसत्या नोंदी आहेत. गोळी घेणारी माणसं कदाचित तब्येतीला अधिक जपणारी असतील, वेळेवर तपासणी करणारी असतील. दोन गट पाडून, एकाला गोळी आणि दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देऊन, काही वर्षं पाहिल्याशिवाय छातीठोक बोलता येत नाही.

आणि नाण्याची दुसरी बाजूही आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या उंदरांना मेलॅटोनिन देऊन प्रखर प्रकाशात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पडद्यातल्या पेशींचं नुकसान न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त झालं. उंदरांचं ते सगळं माणसाला लागू पडेल असं नाही. पण अंधाराचा निरोप भर उजेडात दिला तर उलट घडू शकतं, एवढं त्यातून दिसतं. मेलॅटोनिनमध्ये ‘किती’ इतकंच ‘केव्हा’ हेही महत्त्वाचं आहे. शिवाय रक्त पातळ करणारी किंवा झोपेची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

बाटलीवरच्या आकड्याचंही तसंच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मेलॅटोनिनच्या चघळायच्या २५ उत्पादनांची तपासणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या २२ उत्पादनांत लिहिलं होतं तेवढं मेलॅटोनिन नव्हतं; कुठं कमी, कुठं तिपटीहून जास्त, आणि एकात तर अजिबात नव्हतं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामू, मी तर विश्वासानं आणली होती.’’ त्याचा विश्वास खोटा नव्हता. पण औषधाच्या बाबतीत नुसता विश्वास पुरत नाही.

मग आपाची झोप बिघडली कशानं? डॉक्टरबाईंनी दोन कारणं सांगितली. काचबिंदूत नसेच्या पेशी मरतात, तेव्हा त्या वेळ ओळखणाऱ्या तिसऱ्या पेशींवरही घाला पडतो. मेंदूला दिवसाची बातमी कमी पोचते. त्यात आपा दिवसभर घरात, पडदे ओढलेले. आणि रात्री अकरापर्यंत तोंडासमोर मोबाइल. म्हणजे दिवसा उजेड नाही आणि रात्री अंधार नाही. घड्याळानं करायचं काय? मोतीबिंदूतही असंच होऊ शकतं. भिंग पिवळं पडलं की निळा उजेड आत कमी पोचतो.

उपाय साधे निघाले. सकाळी अर्धा तास अंगणात बसायचं. रात्री नऊ वाजता थेंब टाकायचे, मग मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि दिवा बंद. गोळी काही दिवस कमी मात्रेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच, आणि झोपेसाठीच, काचबिंदूसाठी नाही. डाव्या डोळ्याचा दाब आता १७ आहे. गेलेला तुकडा गेला. राहिलेलं आपा सांभाळते. रोज रात्री नऊला मी तिला फोन करतो. ‘‘थेंब टाकले का?’’ एवढंच विचारतो. ती म्हणते, ‘‘टाकले. आता तू ठेव, मला झोपायचंय.’’

श्रोतेहो, आम्ही कवी लोकांनी अंधाराला फार शिव्या दिल्या आहेत. मीही दिल्या. अज्ञान म्हणजे अंधार, दुःख म्हणजे अंधार. शरीराचं म्हणणं वेगळं आहे. त्याला उजेडाइतकीच अंधाराची गरज आहे. आपण तो रस्त्यावरच्या दिव्यांनी, टीव्हीनं, हातातल्या पडद्यानं हळूहळू संपवत आणला आणि आता बाटलीतून विकत आणतो आहोत. मेलॅटोनिन उद्या डोळ्यांचं औषध होईलही. व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण आज ते आशा आहे, आणि आशेच्या भरवशावर चालू असलेलं औषध बंद करायचं नसतं.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं, आणि घरात काचबिंदू असेल तर त्याआधीही, डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. नुसता चष्म्याचा नंबर नव्हे. डोळ्यांतला दाब आणि मागची नस. हे सांगण्याचा अधिकार मला अलीकडेच मिळाला. चाचांचं पाहिलं, तरी कितीतरी वर्षं मी स्वतः टाळाटाळ केली. आपाबरोबर गेलो तेव्हा बाईंनी मलाही खुर्चीत बसवलं. माझा दाब सध्या हद्दीत आहे. पण दरवर्षी या, असं त्यांनी बजावलं आहे.

आणि एक शेवटचं. तुमच्या घरात दृष्टी नसलेलं कुणी असेल आणि ते रात्री दोन वाजता उठून, दिवस उगवला का म्हणून विचारत असेल, तर त्याच्यावर चिडू नका. त्याला वेड लागलेलं नाही. त्याला किती वाजले ते सांगा, जवळ बसा, आणि सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जा. आज त्यावर उपाय आहे. चाचांच्या वेळी तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता, हे खरं. पण किती वाजले, ते सांगता आलं असतं. मी तेही सांगितलं नव्हतं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)